सतरा ओणम पोचले

विलासिनी टीचरांचं एक वाक्य मी कापलं आणि त्यांची सतरा पत्रं एका झटक्यात मस्कतला गेली. मुद्दाम केलं नाही. मुद्दाम केलेली माझी कामं इतकी पटापट होत नाहीत.

तिरुवनंतपुरमच्या आमच्या छोट्याशा कंपनीत आम्ही एक साधन बनवतो. माणसाच्या वतीनं कामं उरकणारे जे एआय एजंट असतात, त्यांना या साधनानं मेल पाठवता येते. ते कसं वापरायचं याची माहिती एजंट आधी वाचतो, मग कामाला लागतो. ती माहिती लिहिणं हे टीचरांचं काम. सव्वीस वर्षं आट्टिंगलच्या शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि आमच्याकडे आल्या. वर्ग बदलला, एवढंच त्या मानतात.

“एजंट म्हणजे आठवी ब,” त्या म्हणतात. “हुशार. पण सांगितलं तेवढंच ऐकणार, आणि सांगायचं राहिलं ते स्वतःच्या मनानं करणार.”

त्यांची पद्धत अशी, की प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि मी एजंट होऊन त्यातून पळवाट काढायची.

“उत्तर आलं नाही, तर नम्रपणे आठवण करावी.”

“दर मिनिटाला करतो, टीचर. अगदी नम्रपणे.”

“बाकावर उभा राहा!” असं म्हणून त्या लिहायच्या, ‘एकदाच’.

त्या दिवशी टीचर दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. एजंटला दर वेळी एवढं सगळं वाचावं लागतं, मजकूर आखूड करा, असं वरून सांगणं आलं होतं. मी मोठ्या हौसेनं कात्री घेतली. ‘अर्धवट ठेवलेलं पत्र हे पत्र नव्हे, लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय ते पाठवू नये.’ हे काय सांगायला हवं? उडवलं. मग चाचणीसाठी टीचरांचीच टपालपेटी घेतली. त्यांनीच मागे दिली होती, “माझ्यावर करून बघ, मला कोण लिहितंय!” असं म्हणून. एजंटला हुकूम दिला, ‘तुंबलेलं काम निकालात काढ.’

चार सेकंदांत अहवाल आला. ‘तुंबलेली पत्रं सतरा. पाठवली सतरा. पोचली सतरा. परत आलेली, एकही नाही.’ सगळ्यांवर विषय एकच, ‘ओणम’, आणि पुढे साल. सगळी एकाच नावानं: प्रसन्ना.

टीचर आल्या तेव्हा त्यांचा अर्धा गाल बधिर होता. मी अहवाल समोर ठेवला आणि स्वतःच बाकावर उभं राहण्याच्या तयारीनं उभा राहिलो. त्यांनी तो दोनदा वाचला.

“परत एकही आलं नाही?”

“नाही टीचर. मी... माझं चुकलं...”

“थांब रे. म्हणजे पत्ता अजून तोच आहे?”

प्रसन्ना त्यांची धाकटी बहीण, नर्स. सतरा वर्षांपूर्वी तिनं आपल्या रुग्णालयातल्या एका ख्रिस्ती मुलाशी लग्न ठरवलं. वडिलांनी तिला उंबऱ्याबाहेर काढलं. ती अंगणात पेटी घेऊन उभी राहिली आणि तिनं तीनदा हाक मारली, “चेच्ची!” म्हणजे ताई. टीचर आतून म्हणाल्या, “पापड जळतील, येते.” आणि गेल्याच नाहीत. प्रसन्ना मस्कतला निघून गेली. तेव्हापासून दर ओणमला सद्येची, म्हणजे सणाच्या जेवणाची, केळीची पानं उचलली, की टीचर तिला पत्र लिहायला बसायच्या आणि शेवटची ओळ पुरती न करता ठेवून द्यायच्या.

“पहिल्याच पत्रात काय लिहिलंय, माहितेय?” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “त्या दिवशी पापड तळून झाले होते.”

मी अहवाल उलटा करून ठेवला. 

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही काळा चहा आणि पळंपोरी घेऊन बसलो होतो. पळंपोरी म्हणजे केळ्याची भजी, पण टीचरांसमोर भजी म्हटलेलं चालत नाही. तेवढ्यात पडद्यावर ओळ आली: ‘पहिलं पत्र उघडलं.’ टीचरांच्या हातातली पळंपोरी तशीच राहिली. मी आनंदानं ओरडलो, “वाचलं तिनं!”

“आपणच काय लिहिलंय?” त्यांनी पान काढून माझ्यापुढे सरकवलं. त्यांच्याच मजकुरात होतं: ‘उघडलं म्हणजे वाचलं असं समजू नये. वाचलं म्हणजे पटलं, असं तर मुळीच नाही.’

“ते एजंटसाठी आहे, टीचर.”

“मग मी कोण, मुख्याध्यापिका?”

तिसऱ्या दिवशी चार वाजता दुसरं पत्र उघडलं. चौथ्या दिवशी तिसरं. सालवार, रोज एकच. बहुधा तिची रुग्णालयातली ड्यूटी संपायची वेळ. सगळी एकदम समोर असताना माणूस रोज एकच उघडतो, याचा अर्थ एजंटला विचारला असता तर तो काय म्हणाला असता, कोण जाणे. मी विचारलं नाही.

टीचर मात्र पावणेचारलाच चष्मा पुसायला घेत. बोलणं दुसरंच काहीतरी; नजर पडद्यावर. एका शुक्रवारी काहीच आलं नाही. त्या दिवशी त्यांनी माझी अकरा वाक्यं खोडली. “आज तिकडं सुट्टी असेल हो,” मी म्हटलं. “असेल,” म्हणाल्या आणि बारावं खोडलं. शनिवारी सातवं उघडलं, तेव्हा माझी पाच वाक्यं परत आली.

कापलेलं वाक्य मी गुपचूप जागेवर ठेवलं होतं. त्यांच्या लक्षात आलंच. “हे राहू दे,” म्हणाल्या, “दुसऱ्या कुणाची पापडाची गोष्ट नको जायला.” आवाज तक्रारीचा होता, डोळे नव्हते.

काल सतरावं उघडलं. चार वाजून सहा मिनिटांनी. त्यानंतर आम्ही साडेपाचपर्यंत बसून राहिलो. चहावर साय धरत नाही, कारण त्यात दूध नसतं. नाहीतर धरली असती. उत्तर आलं नाही. एजंटला एकदाच आठवण करायची मुभा आहे. मी नुसतं त्या ‘एकदाच’कडे बोट दाखवलं, तर टीचरांनी माझ्या हातावर पट्टी मारली. खरीच पट्टी. शाळेतून आणलेली.

मला राहवेना. “टीचर, आता सगळी वाचून झाली. तरी तिनं उत्तर दिलंच नाही, तर?”

त्यांनी पर्स उचलली, चष्मा तिच्यात टाकला.

“तर अठरावं मी स्वतःच्या हातानं पाठवीन.”