भाचीची कर्णफुलं आणि माझा कम्प्युटर

कम्प्युटर घरी जोडता येतो. हे मी आजही छातीठोकपणे सांगते. ते ऐकून घरचे लोक उठून दुसऱ्या खोलीत जातात, हा भाग वेगळा.

मी कुरुंद्याची सुरेखा. ब्लाउज शिवते. शिलाई मशीन पूर्ण खोलून, पुसून, तेल घालून पुन्हा बसवणारी आमच्या गल्लीत मी एकटीच. (बसवल्यावर एखादा नट उरतो. मशीन तरीही चालतं. म्हणजे तो नट कंपनीनं उगाच घातलेला असतो!) त्यामुळे माझ्या लेकीची, श्रद्धाची, पुण्यातल्या नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत ठरली आणि ती मोबाइलवर चालणार नाही असं कळलं, तेव्हा मी जाहीर करून टाकलं, "कम्प्युटर मी जोडते."

"काहून?" आमचे हे म्हणाले. यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर यांचा पहिला प्रश्न हाच असतो. "नांदेडात तयार भेटते की."

"तयार ब्लाउज बी भेटते. मंग बाया माझ्याकडं काहून येऊन राहिल्या?"

यावर हे दुकानात निघून गेले. मी सुटे भाग मागवले आणि मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसले. व्हिडिओतला पोरगा सगळं चहा गार व्हायच्या आत जोडायचा. मला वाटलं, आपण दोन चहा धरू.

कुरिअरवाल्याची कृपा अशी की शेवटचा खोका, म्हणजे कम्प्युटरचा लोखंडी डबा, मुलाखतीच्याच दिवशी सकाळी आला. मुलाखत दुपारी चारला. मी हॉलमध्ये सतरंजी अंथरली, स्क्रू एका छोट्या परातीत काढले, पदर खोचला आणि तेवढ्यात दारात अक्का!

अक्का म्हणजे यांची मोठी बहीण, आखाडा बाळापूरला असते. तिच्या पोरीचं लग्न ठरलेलं, आणि आमच्यात नवरीच्या कानातलं मामाकडून जातं, ते मामीच्या पसंतीनं. वसमतचा सराफ माझ्या सासऱ्यांपासूनचा ओळखीचा. तो सकाळी डबे घरी देतो, बायका घालून बघतात, एक ठेवून घेतात आणि बाकीचे दुकानाचा माणूस येऊन घेऊन जातो. याला पसंतीला आणणं म्हणतात. अक्कानं वाटेत वसमतला उतरून सगळे डबे आणले होते.

"सुरेखा, सोड तो पेचकस. डिझायनर पायजे म्हणते पोरगी. बघ बरं."

"अक्का, आज श्रद्धाची मुलाखत आहे."

"मंग मुलाखत ती देईन. तू कानातलं बघ!"

तर्क बिनतोड होता. अक्का सतरंजीवरच बसली आणि दुसऱ्या परातीत दागिने मांडून मोकळी झाली. एक कर्णफूल कारल्याच्या वेलासारखं लोंबणारं, एक इतकं थोरलं की त्याला कानापेक्षा खुंटी बरी, आणि एक नाजूक, पानाच्या आकाराचं. माझ्या एका हाताला प्रोसेसरवर लावायची करडी पेस्ट, दुसऱ्या हातात पंखा.

"हे काय, दात घासून राहिली व्हय?" अक्का म्हणाली.

"ह्यानं डोकं थंड राहते."

"मंग थोडी मला बी दे!"

हे जेवायला घरी आले ते बॅटरी धरायच्या कामाला लागले. डब्याच्या आत अंधार फार. श्रद्धा आतल्या खोलीत उत्तरं पाठ करत होती आणि दर थोड्या वेळानं दारातून तोंड काढून विचारायची, "आई, होईल ना?" तिला ही नोकरी किती हवी होती ते मला माहीत होतं. कॉमर्सला पहिली आलेली पोर ती, वर्षभर घरी बसून यांच्या दुकानाच्या पावत्या फाडत होती. तिच्यासमोर "होईल" याशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही, असं मी ठरवलं होतं.

आता इथं जे घडलं त्यात माझी चूक नाही, असं माझं आजही म्हणणं आहे. मी मुख्य पाटा, म्हणजे मदरबोर्ड, डब्यात बसवत होते. मान आत, एक हात पाटा दाबून धरलेला. मी म्हटलं, "अक्का, तो बारका पिवळा स्क्रू द्या." अक्कानं दिला. मी न बघता भोकावर ठेवला, पेचकसानं दाबला, तर तो गेला! फिरला नाही, बसला नाही, सरळ आत गेला. मला वाटलं, काय गुळगुळीत भोक आहे! मी दुसरा मागितला.

तीनच्या पुढं सगळं जोडून झालं. सॉफ्टवेअर भरलेली डिस्क श्रद्धानं मैत्रिणीकडून आधीच आणली होती. मी बटण दाबलं. पंख्यानं एक गिरकी घेतली आणि तो थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा एक गिरकी.

"मी म्हनलो होतो, नांदेड..." हे सुरू झाले.

"नांदेडचं नाव काढलं तर आज रात्री नांदेडातच जेवा!"

श्रद्धाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच क्षणाला अक्कानं बॉम्ब टाकला. "अगं बाई! पानाच्या कर्णफुलाची फिरकी कुठंय?"

कानातलं घातलं की दांड्याला मागून आवळतात ती फिरकी. सोन्याची. आम्ही सतरंजी झटकली, यांचे खिसे उलटे केले, अक्काच्या अंबाड्यात बघितलं. सराफाचा माणूस यायची वेळ झाली होती.

"काय सांगू त्याला? मामीच्या घरात सोनं गडप झालं म्हणू?"

"परात तुमच्या मांडीपाशी होती, अक्का!"

"आन् नजर तुझी कुठं होती?"

नजर म्हणताच मला तो गुळगुळीत स्क्रू आठवला. पण अक्कासमोर कबूल करायचं? शक्य नाही! मी शांतपणे वायर काढली आणि म्हटलं, "मशीन नवं आहे. जरा मोकळं करावं लागते." मग अख्खा डबा उचलला आणि रिकामं पोतं झटकावं तसा दणादणा हलवला. हे "अगं, अगं" करत राहिले. डब्यातून टण्ण करून फिरकी बाहेर पडली, घरंगळत दारापर्यंत गेली आणि नुकत्याच आत आलेल्या सराफाच्या माणसाच्या पायाशी थांबली.

तो फिरकीकडे बघतो, डब्याकडे बघतो. "ताई, ही आमची... कम्प्युटरातून?"

"व्हय," मी म्हटलं. "आमी आत तपासून घेतो. पानाचं कर्णफूल पसंत आहे. पॅक करा."

वायर लावली, बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला! पडदा उजळला. चारला एक मिनिट कमी असताना श्रद्धा कॅमेऱ्यासमोर बसली. डब्याचं झाकण लावायला वेळच मिळाला नव्हता. तिच्या मागं हे बॅटरी धरून उभे, अक्का कारल्याचा वेल कानात घालून बसलेली, आणि सराफाचा माणूस मुलाखत बघायला थांबलेला.

पुण्याच्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मागे नेमकं काय चाललंय?"

पोर घाबरली नाही. "सर, हा कम्प्युटर आईनं आत्ताच जोडलाय. सोन्याची फिरकी आत अडकली होती, म्हणून चालू होत नव्हता. आता हिशोब बरोबर लागला." साहेब इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं.

नोकरी लागली! माझ्या कम्प्युटरावर लागली, हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. काम घरूनच करायचं होतं. रुजू व्हायच्या आधी कंपनीकडून एक खोका आला. आत नवाकोरा लॅपटॉप आणि साहेबांचा निरोप: काम फक्त यावरच करावं, आणि कृपया हा आईंच्या हाती देऊ नये.

पुण्यातली एवढी मोठी कंपनी कुरुंद्यातल्या एका ब्लाउज शिवणारीला इतकी टरकून आहे, याचा मला सार्थ अभिमान वाटतो.