माइकवर नाव घ्यायचं नाही

लोक म्हणतात, झालं गेलं सोडून दे. सोडायला लोकांच्या बापाचं काय जातंय? मुदखेडच्या मैदानावर कबड्डीचे सामने लागले की अजून माझं डोकं फिरतं. त्या दिवशी बायको पोरांना सांगते, आज पप्पांच्या नादी लागू नका.

आमचं घर मैदानाच्या मागच्या गल्लीत. बाबा रेल्वेत गँगमन होते, आयुष्यभर रुळावर घण मारला. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आईनं त्यांची बाज दारात टाकली ती कायमची. तिथून मैदान दिसायचं नाही, मध्ये शाळेची भिंत. पण भोंग्याचा आवाज घरात बसल्यासारखा यायचा. आमच्या शाळेतले हिंदीचे सर माइकवर असायचे. मी चढाईला निघालो की ते माझं नाव ताणून ताणून घ्यायचे, मग एखादा शेर टाकायचे. बाबा डाव्या हातानं बाजेचं लाकूड बडवायचे. मी धुळीनं माखून घरी आलो की म्हणायचे, "आज लई येळा घेतलं रं नाव." जेवलास का, लागलं का, हे नंतर.

मी मातीतला खेळाडू. कबड्डी संघटनेच्या स्पर्धा गावच्या मंडळाकडून खेळायच्या, चषक मंडळाच्या कपाटात, फुटलेला गुडघा आपल्या घरी. मग कुणीतरी मॅटवरची लीग काढली. लाइट, टीव्ही आणि खेळायचे पैसे. लातूरला निवड झाली आणि मी गेलो. का जाऊ नये? मातीत पाय घसरवून वळायची सवय, मॅट पाय धरून ठेवते. पहिल्याच आठवड्यात घोटा मुरगळला. बुटांनी फोड आले, कोपरांची सालटी निघाली. शहरातली पोरं मला 'मातीवाला' म्हणून चिडवायची. पण शिकलो. दुसऱ्या वर्षी तीच पोरं मला विचारायची, ही उडी कशी मारतोस म्हणून.

तिथला ट्रेनर पुस्तकं वाचणारा होता. एकदा पायाला बर्फ लावता लावता म्हणाला, वेल्स म्हणून एक छोटा देश आहे, तिथं रग्बीचे दोन प्रकार. एक हौशी, एक पैसे घेऊन खेळायचा. खाणीतली, कारखान्यातली पोरं घर चालवायला दुसरीकडे गेली की त्यांच्या जुन्या क्लबात त्यांना दारातही उभं करत नसत. ज्यांच्यासाठी हाडं मोडून घेतली तेच तोंड फिरवायचे. मी म्हणालो, "तिथंबी आपल्याच तालुक्यातली मान्सं व्हती काय?" सगळे खो खो हसले. मीही हसलो, कारण माझ्यावर काय येणार आहे ते मला ठाऊक नव्हतं.

गावी आलो तर संघटनेनं माझ्यावर आजन्म बंदी घातलेली. कारण काय, तर मान्यता नसलेल्या लीगमध्ये पैसे घेऊन खेळला. आता गंमत बघा. जत्रेच्या स्पर्धेत मंडळाला मी पाहिजेच होतो, माझ्याशिवाय पहिल्या फेरीत गार होतात. पण पंच संघटनेचे, आणि सामने मोबाइलवर लाइव्ह जातात, लातूरला अध्यक्ष साहेब घरी बसून बघतात. मग मंडळानं तोडगा काढला. सात नंबरचा टी-शर्ट घालून खेळ, पंच काणाडोळा करतील, चेहरा दिसला तरी साहेब खपवून घेतील, फक्त माइकवर नाव घ्यायचं नाही. पंगतीत वाढायचं आणि वर सांगायचं, ढेकर देऊ नको. तरी मी खेळलो. कबड्डीशिवाय मला दुसरं येत होतं काय?

त्या दिवशी भोंग्यावर एवढंच, "सात नंबर चढाईला. सात नंबर परत." शेर नाही, काही नाही. जिंकून घरी आलो तर बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"काढलं तुला?"

"न्हाई बाबा. खेळलो की. सात नंबर मीच व्हतो."

"मग नाव?"

मी सगळं सांगितलं. लीग, बंदी, पंच, लाइव्ह, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि जड जिभेनं म्हणाले, "उगी कोन बंदी घालतंय? कायतरी केलं असशील."

मी ओरडलो. "म्या चोरी केली काय?" आई धावत आली, "हळू बोल रं, दुखण्याचं मानूस हाय!" पण माझं रक्त उसळलं होतं. बाबांचा तरी काय दोष? त्यांच्या नोकरीत ज्यांना घरी बसवलं ते रेल्वेचं लोखंड विकणारे होते. गुन्ह्याशिवाय शिक्षा होते हे त्या सरळ माणसाच्या डोक्यात शिरतच नव्हतं. पुढं धर्माबादला खेळून आलो तेव्हा त्यांनी स्पष्टच विचारलं, "पैसे खाऊन हरलास व्हय रं?" मी ताटावरून उठलो.

मला ना बक्षीस पाहिजे होतं, ना नोकरी. एकदा, फक्त एकदा भोंग्यावर माझं नाव यावं आणि ते बाबांनी ऐकावं. म्हणजे त्यांना कळेल की पोरगा चोर नाही. याच्यापलीकडे मी देवाकडेही काही मागितलं नव्हतं.

पहिल्यांदा सरांकडे गेलो. ते चष्मा पुसत म्हणाले, "बेटा, स्पर्धा बंद पाडतील रे. तुझ्या एकट्याच्या नावापायी बाकीच्या पोरांचं नुकसान." ह्याच माणसानं मला वर्गात छाती पुढं काढून शेर शिकवले होते. शेर म्हणायला छाती लागत नाही, हे त्या दिवशी कळलं.

मग एसटी धरून लातूर. अध्यक्ष साहेबांच्या दारात चपलांचा ढीग. मला बघून म्हणाले, "काय म्हणतो पैलवान?" मी बाबांचं दुखणं सांगितलं, हात जोडून सांगितलं, बंदी राहू द्या, पण एका सामन्यात नाव घेऊ द्या.

"माफी माग."

"कशाची, साहेब?"

"ते तू ठरव की."

समोर बसलेले चार जण हसले. मी तसाच उठलो. परतताना चाकूरच्या स्टँडवर गाडी थांबली, सगळे चहाला उतरले, मी जागेवर बसून दात खात होतो. मरेन पण माफी मागणार नाही, असं ठरवून घरी आलो. आणि बाबांकडे बघितलं तर त्यांना आता चमच्यानं भरवावं लागत होतं. माझा ताठा घेऊन काय चाटायचं होतं? पंधरवड्यानं परत गेलो. भरल्या बैठकीत म्हणालो, "चुकलो साहेब." काय चुकलो ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. साहेब म्हणाले, "शाब्बास. पुढच्या मीटिंगमध्ये ठेवतो."

ती मीटिंग काही होईना. कधी साहेबांच्या पुतण्याचं लग्न, कधी निवडणूक, कधी कोरम नाही. मी फोन केला की "बघायलो ना, घाई काय हाय?" घाई मला होती. माझ्या घरात माणूस रोज थोडा थोडा संपत होता.

शेवटी शेवटी बाबा फार बोलत नव्हते. एका दुपारी मी त्यांचे पाय चोळत होतो, आई दळण आणायला गेली होती. त्यांनी डाव्या हातानं मला जवळ ओढलं. कानाशी तोंड आणून म्हणाले, "खरं सांग. म्या कुनाला सांगत न्हाई."

काय सांगू? मी म्हणालो, "बाबा, तुमची शप्पत, काय बी केलं न्हाई." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. लहानपणी काच फोडून खोटं बोललो की असाच फिरवायचे. माफ केलं होतं मला त्यांनी! न केलेल्या चोरीची माफी. आठवड्यानं ते गेले.

सहा महिने झाले नाहीत तोच संघटनेनं स्वतःची लीग काढली. तीच मॅट, तेच लाइट, तेच पैसे. बंदीचं नाव कुणी काढेना. उलट मुदखेडला उद्घाटन ठेवलं आणि माझा सत्कार. जाणार नव्हतो. आई म्हणाली, "जा, तुझं नाव घेतेत तरी का बघ."

घेतलं ना. सरांनी असं घेतलं की शेवटच्या रांगेपर्यंत टाळ्या. वर दोन शेर. मला फेटा बांधला, शाल पांघरली, हातात नारळ दिला. मग अध्यक्ष साहेबांनी माइक ओढला. "ह्या पोरावर अन्याय झाला. मी तेव्हाही म्हणत होतो, ह्याची काडीचीही चूक नाही."

मी त्यांचं मनगट धरलं, पकडीत धरतात तसं. "चला साहेब."

"कुठं रे?"

"माझ्या घरी. ह्या भिंतीमागंच हाय. बाबांच्या फोटोपुढं एवढंच बोला, ह्याची चूक नव्हती म्हणून. दोन मिनिटं लागतील."

साहेबांनी मोठ्यानं हसून माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे येऊ की! जेवायलाच बोलव एकदा, मटण कर." स्टेजवरचे सगळे हसले. सरही हसले.

मी फेटा उतरवला, साहेबांच्या हातात ठेवला आणि पायऱ्या उतरलो. सर माइकवर माझं नाव घेऊन मला परत बोलावत होते. पुन्हा पुन्हा घेत होते. घ्या म्हणावं आता.