क्लच कोणी जाळला

पाहुणे जेवून सुपारी कातरायला बसले की आमची मुलगी म्हणते, "बाबा, गेअरची गोष्ट सांगा ना." मी आढेवेढे घेतो आणि सांगतो. नकला करून सांगतो, माझी स्वतःची भरपूर फजिती करून घेतो. सगळे पोट धरून हसतात. त्यामुळे या गोष्टीतला एक तुकडा मी दर वेळी गाळतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही. बायकोच्या येतं. ती त्या वेळी ताटं उचलायला आत जाते.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. बायको नर्स. चामोर्शीत घरापासून पायी जाण्याइतकी जवळ तिची ड्युटी होती, तिथून घोटच्या पुढे जंगलातल्या एका गावी बदली झाली. रुजू व्हायला अजून अवकाश होता. एसटी जायची, पण परतीची वेळ ड्युटीशी जुळत नव्हती. तिथेच खोली करून राहावं, तर मुलीचं दहावीचं वर्ष. एका सकाळी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "मले गाडी शिकवा."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तरफ, घर्षण, बल असले धडे मी चाळीस पोरांना न ओरडता शिकवतो. गाडीत एकच विद्यार्थिनी होती आणि मी चाळिसांच्या वाट्याचं तिच्या एकटीवर ओरडलो. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "क्लच दाबते मी, पण पाय खाली टेकल्यासारखा वाटत नाई." मी म्हणालो, "तुझी उंची कमी आहे," आणि पाठीमागे एक उशी लावून दिली. त्या उशीवर बसून ती शिकली. लायसनही मिळालं.

रुजू व्हायला पंधरा दिवस उरले असताना गडचिरोलीच्या रस्त्यावर क्लच गेला. गाडी ती चालवत होती. जळका वास सुटला, इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. मी लगेच सुरू झालो, "हाफ क्लच! हाफ क्लच! किती वेळा सांगितलं तुला!" ती खाली उतरली, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि त्यानंतर स्टेअरिंगला हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत मेहुण्याचा फोन. "काय भाऊजी, ताईनं क्लच जाळला म्हने?" बातमी त्याला कुठून लागली, तर माझ्याकडूनच.

आमचा गाडीचा मिस्त्री गडचिरोलीचा. माझ्याच वयाचा, बोलायला बेताचा. गाडी घ्यायला गेलो तर "जयभीम सर" म्हणाला आणि जुनी क्लचप्लेट माझ्यासमोर धरली. घासून कागदासारखी झाली होती.

"आता मिसेस शिकून राह्यली ना," मी आपणहून सांगितलं.

"तिचं काम नाई हे. एका महिन्यात अशी नाई होत. हे कित्येक वर्षांचं घासनं हाय." मग माझ्याकडे न बघता, हात पुसत त्यानं विचारलं, "सर, गाडी चालवताना तुमचा डावा पाय कुठी राह्यते?"

माझा डावा पाय गेली कित्येक वर्षं क्लचवरच राहतो. आराम मिळतो म्हणून. हे मला माहीत होतं, आणि त्यानं प्लेटचं काय होतं तेही मला माहीत असायला हवं होतं. घर्षण हा धडा मी दरवर्षी घेतो.

घरी आलो. बायकोनं विचारलं, "काय म्हने मिस्त्री?"

मी म्हणालो, "बदलला क्लच."

एवढंच. हाच तो गाळलेला तुकडा.

पण क्लच बदलल्यावर गेअर बसेना. पहिला टाकताना खांद्यातून जोर लावावा लागे, आणि रिव्हर्स असा करकरे की शेजारचं कुत्रं उठून बसे. मला वैताग आला, हे खरं. पण आत कुठेतरी बरंही वाटलं, हेही खरं. कारण आता मला म्हणता येत होतं, "मलाच लागत नाही गेअर, तुला कुठून लागणार?" मी ते म्हटलंही. तिनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्या गावी खोलीची चौकशी केली. मला स्वयंपाक येत नाही, म्हणून मुलगी मावशीकडे राहील, असं ठरू लागलं.

गाडी परत मिस्त्रीकडे नेली. त्यानं आधी डॅशबोर्डखाली डोकं घालून केबल पाहिली, मग बसला, तर सगळे गेअर लोण्यातून सुरी फिरावी तसे फिरले. तरी त्यानं केबल आवळली, गेअर ऑइल पाहिलं, एक चक्कर मारली आणि गाडी दिली. मी गल्ल्यापाशी फोनवरून पैसे देऊन निघालो, तर पहिल्याच चौकात गेअर अडला.

तिसऱ्या खेपेला बायकोही आली. तिला तिकडच्या खोलीसाठी गॅसची छोटी शेगडी घ्यायची होती. ती घेऊनच आम्ही गॅरेजवर पोचलो.

"सर, गाडीत खराबी नाई," मिस्त्री म्हणाला.

"म्हणजे माझ्यात हाय?"

"मी तसं म्हटलं काय?"

"म्हटलं नाई, पण पाहून तसेच राह्यले तुम्ही."

तो पुन्हा खाली वाकून केबल पाहून बसला. गेअर मस्त. त्यानं सगळं जागच्या जागी ठेवलं, मग मी बसलो. गेअर बसेना. चहाच्या टपरीवरची दोन माणसं कप घेऊन जवळ आली. "मास्तर, गाडी तुमच्यावर रुसली," एक म्हणाला. दुसऱ्यानं गाडी विकायचा सल्ला दिला.

बायको दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती. दवाखान्यात पेशंटकडे बघते तशी. तिनं विचारलं, "भाऊ, तुम्ही बसता तवा खालची मॅट काढता ना?"

"हो बाई. डोकं खाली घालून केबल पाहा लागते."

"आन् यांना गाडी देताना परत घालता."

"हो तर. जशीच्या तशी."

तिघंही खाली पाहू लागलो. मिस्त्रीनं मॅट उचलली. तिच्याखाली चार पदरी घडी घातलेला गोणपाटाचा बारदाना निघाला. तो माझा. त्याआधी धानाच्या रोवण्याच्या वेळी शेतातल्या बांधीतून चिखलाचे पाय घेऊन गाडीत बसायचो, म्हणून मीच अंथरलेला. मिस्त्रीनं तो प्रत्येक वेळी काढला होता आणि प्रत्येक वेळी झटकून, नीट घडी करून परत ठेवला होता.

"जुना क्लच वरच सुटत होता, म्हनून चालून गेलं," तो म्हणाला. "नव्याले पाय पूरा खाली जा लागते. हा बारदाना त्याले जाऊच देत नाई."

"मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं, पाय टेकत नाई म्हनून," बायको म्हणाली. "यांनी मले उशी दिली."

हसताना टपरीवरच्या दोघांचा चहा सांडला. मिस्त्रीही हसला. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. पाहुण्यांसाठी गोष्ट इथे संपते.

परत निघालो. गेअर इतका हलका लागत होता की बदलताना लाज वाटावी. गावाबाहेर आल्यावर ती म्हणाली, "चांगली झाली गाडी. पण मी काई चालवनार नाई आता. एक क्लच जाळला तेवढा पुरे."

बारदान्याचं हसं मी आनंदानं करून घेतलं होतं. वेंधळा ठरायला माझी कधीच हरकत नसते, लोक वेंधळ्या माणसावर मायाच करतात. पण हे वेंधळेपण नव्हतं. माहीत असून मी गप्प बसलो होतो, आणि त्या गप्प बसण्यामुळे माझी बायको घर सोडून एका खोलीत राहायला निघाली होती.

"तू नाही जाळला," मी म्हणालो. "मी जाळला. वर्षानुवर्षं पाय ठेवून. मिस्त्रीनं सांगितलं होतं मला."

"कवा?"

"क्लच बदलला त्याच दिवशी."

तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. दोन्ही बाजूंना धान पोटरीला आलं होतं.  मग ती म्हणाली, "थांबवा."

मी थांबवली. ती उतरली. मला वाटलं, आता ही एसटीनं जाते. पण ती बोनेटला वळसा घालून माझ्या दाराशी आली. "सरका."

एकदा गाडी बंद पडली. मी तोंड उघडलं नाही, आणि माझ्यासाठी ते सोपं नव्हतं. चामोर्शी आली. घराच्या वळणावर ती वळली नाही, घोटच्या रस्त्याला लागली. पुढे सागाचं जंगल सुरू झालं, रस्ता अरुंद झाला, समोरून एक ट्रॅक्टर आला. तिनं गाडी बाजूला घेतली, दुसरा गेअर टाकला, पुन्हा रस्त्यावर आणली.

तिच्या नव्या गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर तिथल्या आशाताई रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. गाडीजवळ येऊन त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग स्टेअरिंगकडे.

"नवीन सिस्टर तुम्हीच काय? खोली पाहाले आल्या?"

"नाई," बायको उतरत म्हणाली. "रस्ता पाहाले आली. रोज येनं-जानं करनार."

मला ती उतरा म्हणाली नाही, म्हणून मी बसून राहिलो. दोन दिवसांनी ती रुजू झाली, तरी पुढचे आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. त्यातल्या ड्युटीच्या प्रत्येक दिवशी ती गाडी घेऊन गेली, आणि दिवे लागायच्या आत मुलीचा अभ्यास घ्यायला घरी आली.