गाण्यातला माणूस घरी का जात नाही

माझा नवरा गातो हे मला लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर कळलं, आणि तेही तिसऱ्याच माणसामुळे. मस्कतच्या बौशर भागातल्या एका शाळेच्या हॉलचा एसी बिघडला होता. दुरुस्तीचं काम त्याच्या कंपनीकडे होतं, म्हणून तो शिडीवर चढून छतातल्या डक्टमध्ये डोकं घालून बसला होता. खाली एक अमेरिकन बाई वीस-पंचवीस हौशी लोकांकडून कोरसची तालीम करून घेत होत्या. वरचा माणूस खालच्यांबरोबर गुणगुणतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याला खाली उतरवलं आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

"मला बेस म्हणून घेतलंय," घरी आल्या आल्या तो म्हणाला.

"म्हणजे?"

"खालच्या पट्टीचा आवाज. माझ्याशिवाय फक्त दोघंच आहेत तसे."

"आवाज तुझा होता की डक्टचा, हे बघितलं ना त्यांनी नीट?"

तो आरशापुढे जाऊन घसा साफ करू लागला. कलावंत झाला होता तो.

गाणी सगळी अमेरिकेतली जुनी लोकगीतं होती, शेतकऱ्यांची, गुराख्यांची, खाणीतल्या मजुरांची, आणि बाईंनी निवडलेली सगळीच्या सगळी घराविषयी. त्यामुळे 'होम' हा शब्द दर दोन ओळींनी यायचा. 'हो' लांबवायचा आणि 'म' अगदी शेवटी, ओठ हलकेच मिटून, अशी बाईंची शिकवण होती. अल् घुब्रामधल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सकाळी दाढी करताना 'होऽऽऽ' सुरू व्हायचं आणि 'म' यायच्या आत माझा चहा उकळून जायचा. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी काकूंनी एकदा मला लिफ्टमध्ये हळूच विचारलं, "युअर हसबंड, एनी पेन?"

डिसेंबरात सासरे आले. चिपळूणकडे एसटी स्टँडवर त्यांनी वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात काढली होती. कुठली गाडी कुठून सुटते आणि का लागली नाही, हे सांगण्याची त्यांना सवय. मस्कतमध्ये तेव्हा नव्या लाल बस नुकत्याच सुरू झाल्या होत्या. सासरे रोज सकाळी मोठ्या रस्त्यावरच्या थांब्यावर जाऊन बसायचे, बसच्या वेळा डायरीत टिपायचे आणि जेवायच्या वेळेला घरी येऊन समाधानाने सांगायचे, "आज तीन मिनिटं लवकर आली. हेही चूकच."

एका संध्याकाळी नवरा हॉलमध्ये उभा राहून सराव करत होता. सासऱ्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "काय म्हणतोय हा?"

"एक माणूस आहे, बाबा. त्याचं घर डोंगरापलीकडे आहे. लाकडाचं. दारात सफरचंदाचं झाड आहे. त्याला घरी जायचंय."

"मग?"

"मग काही नाही. जायचंय."

"अडचण काय आहे?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "गाण्यात दिलेलं नाही."

"लांब किती? मुक्कामाची गाडी पकडून पोचेल एवढं?"

"बाबा, ते दुःख आहे," नवरा म्हणाला.

"दुःख आहे ते कळतंय रे. पण त्याने चौकशी केली का कुठे?"

दुसऱ्या गाण्यात घर नदीपलीकडे होतं आणि तिथला दिवा दिसत होता. सासऱ्यांनी होडीची चौकशी केली. तिसऱ्यात या जगात आपलं घर नाही, खरं घर वर देवापाशी, असा भाव होता. ते ऐकून मात्र त्यांनी मान डोलावली. "हे भजन आहे. हे बरं आहे. याला गाडी लागत नाही."

जानेवारीत एका गुरुवारी संध्याकाळी कार्यक्रम झाला. आम्ही पहिल्या रांगेत बसलो, कारण सासऱ्यांना ड्रायव्हरमागची सीट आवडते. नवरा मागच्या ओळीत, काळ्या शर्टात, एका उंच फिलिपिनो नर्सच्या आड उभा होता. मला त्याचा एक कान दिसत होता. तो चांगला गायला असणार. त्या कानावरून तरी तसंच वाटलं.

प्रत्येक गाण्याआधी बाई थोडं बोलायच्या. साठीच्या आसपासच्या, पांढरे केस आखूड कापलेले, आवाज खणखणीत. घर म्हणजे भिंती नव्हेत, घर म्हणजे जिथे परत जाता येत नाही ती जागा, असं काहीसं त्या म्हणाल्या. मी ते सासऱ्यांच्या कानात सांगितलं.

"परत जाता येत नाही?" त्यांनी विचारलं, आणि स्टँडवर लाऊडस्पीकरची सवय असलेल्या माणसाच्या आवाजात विचारलं. "का म्हणून?"

दोन-तीन माना वळल्या. मी खाली बघत राहिले.

कार्यक्रमानंतर बाहेर चहा आणि समोसे होते. सासरे कप घेऊन थेट बाईंपुढे जाऊन उभे राहिले. "विचार त्यांना," मला म्हणाले, "घरी शेवटच्या कधी गेल्या होत्या."

मी इंग्रजीत म्हटलं, "माझ्या सासऱ्यांना गाणी फार आवडली."

बाई हसल्या. "ते यापेक्षा जास्त बोलले."

मग मला खरं विचारावं लागलं. बाईंनी कप खाली ठेवला. "चौदा वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासरे मात्र शांतपणे म्हणाले, "उद्या सुट्टी आहे. त्यांना घरी चहाला बोलव."

बाई आल्या. मी घावन आणि चटणी केली होती. नवरा बेस गायकाला शोभेल अशा गांभीर्याने खुर्च्या पुसत होता. सासऱ्यांनी आपली डायरी उघडली आणि बाईंच्या हातात पेन दिलं. "गाव कुठे आहे, काढा."

बाईंनी काढलं. एक नदी, एक चर्च, एक धान्याचं गोदाम. पूर्वी चर्चपाशी बस थांबायची, ती केव्हाच बंद झाली. रेल्वे स्टेशन गाडीने दोन तासांवर, आणि बाईंचे डोळे अधू झाल्यापासून त्या लांब गाडी चालवत नव्हत्या.

"बस बंद?" सासऱ्यांना हे घरचंच वाईट वर्तमान वाटलं. "लोकांनी अर्ज नाही केला?"

"लोकच फारसे उरले नाहीत," बाई म्हणाल्या.

"तुमचं कोण आहे तिथे?"

"बहीण."

"गाडी आहे तिच्याकडे?"

"आहे."

"मग ती न्यायला येईल की स्टेशनवर."

बाईंनी घावनाचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. आई गेल्यावर बहिणीने बाईंना न विचारता घर विकून टाकलं होतं. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. "न्यायला येशील का, हे मी तिला कधी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या.

मी हे सासऱ्यांना सांगितलं. ते डायरीतल्या नकाशाकडे बघत म्हणाले, "मग बसचा काय दोष?"

हे वाक्य भाषांतर करायची माझी अजिबात इच्छा नव्हती. नवरा डोळ्यांनी 'नको, नको' करत होता. पण बाई माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या, म्हणून मी सांगून टाकलं. त्या आधी हसल्या, बऱ्याच मोठ्याने. मग डायरीतल्या नकाशाकडे बघू लागल्या. मी उगीचच चटणी वाढली. जरा वेळाने त्यांनी आणखी एक घावन मागितलं आणि ते कसं करतात हे विचारलं. बहिणीचा विषय तिथेच राहिला.

सासरे फेब्रुवारीत परत गेले. मी त्यांना अजून महिनाभर राहायला सांगितलं तर म्हणाले, "कशाला? इथल्या बस आता वेळेवर आहेत."

जूनमध्ये बाई अमेरिकेला गेल्या. बहिणीला पत्र त्यांनी मार्चमध्येच लिहिलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. ऑगस्टमध्ये परत आल्यावर त्या एकदा आमच्याकडे आल्या. बहीण स्टेशनवर आली होती, चाळीस मिनिटं उशिरा. दोघी तिसऱ्या दिवशी पडद्यांच्या रंगावरून भांडल्या, पण बाई ठरल्याप्रमाणे सहा आठवडे राहिल्या. एक दिवस बहीण त्यांना जुन्या घरापाशी घेऊन गेली. तिथे आता दुसऱ्यांची मुलं अंगणात उड्या मारत होती. आत या म्हणाली त्यांची आई, पण या दोघी कुंपणापाशीच उभ्या राहिल्या.

"मला वाटलं होतं मी रडेन," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं लोकांना रडवलंय मी त्या गाण्यांनी. पण मला फक्त भूक लागली. मग आम्ही गावात जाऊन भरपूर खाल्लं."

मी त्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी चिपळूणला फोन करून हे सगळं सांगितलं. सासऱ्यांना त्यात नवल वाटलं नाही. "लांबच्या प्रवासाने भूक लागतेच," ते म्हणाले, आणि गॅस बुकिंगचा मेसेज आला नाही म्हणून फोन मुलाकडे द्यायला सांगितलं.