सपाट तळहात

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर यांची घोडेस्वारी सुटली, पण घोडेस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेची वर्गणी काही सुटली नाही. यंदा मी विचारलंच, "अहो, आता कुठे बसणार आहात घोड्यावर? कशाला भरायचे एवढे पैसे?"

"खरं आहे तुझं," एवढंच म्हणाले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी फिरायला निघालो, तर मंगल कार्यालयाबाहेर नवरदेवाची घोडी उभी होती. हे थांबले. शेजारच्या दुकानातून गुळाचा खडा आणला आणि बोटं जुळवून तळहात अगदी सपाट धरला. बोट वाकलं तर चुकून दाताखाली येतं, म्हणून घोड्याला असंच भरवायचं. घोडीनं ओठांनीच खडा अलगद उचलला.

वर्गणीची पावती नसली म्हणून हा हात थोडाच विसरणार आहे, असं मला वाटलं. पण यांचा चेहरा पाहिला आणि वाटलं, आपण अजून घोडेस्वारांतले आहोत, हे वर्षातून एकदा कुणीतरी यांना कळवायला नको का?

घरी आल्यावर यांनी माझी बीपीची गोळी पुढे केली. बोटं जुळलेली, तळहात सपाट. इतकी वर्षं अशीच देत होते; माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी गोळी अलगद उचलली आणि म्हटलं, "वर्गणी भरून टाका."