भोंग्यातली दुसरी हाक

आमच्या गावात दिवे लागल्यावर पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाय. दुसऱ्या हाकेलाही नाय. बाहेरून कोणी नाव घेतलं की आतलं माणूस हातातलं काम थांबवतं आणि तिसऱ्या हाकेची वाट बघतं. तिसरी आली की ओ द्यायची आणि कडी काढायची. कारण रानात जे असतं, त्याचं नाव मी लिहीत नाय, त्याला माणसाचा आवाज काढता येतो, पण दोनदाच. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडातून शब्द निघत नाय. त्याच्या आधी ओ दिली की माणूस त्याच्या मागं चालू लागतं. हे मला कोणी शिकवलं नाय. भाकरी कशी खायची ते कळलं तसंच हे कळलं.

माझी बायको यात फार कडक. ती शहापूर तालुक्यातली, किन्हवलीच्या बाजूची. मला भरदुपारी खळ्यावरून जेवायला बोलवायची तरी तीनदा बोलवायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाय, म्हणून नुसतं, "अवो, ऐकलाव का?" मी पहिल्याच हाकेला उठून दारात आलो तरी उरलेल्या दोन हाका माझ्या तोंडावर मारायची.

मी म्हणायचो, "अगो, समोर उभा हाय ना मी!"

"तुमी हाव. पण माझ्या हाका अर्ध्या राहतील त्याचं काय?"

असं उत्तर.

पंचायतीचं काही सांगायचं असलं तर तेव्हा दवंडीवाला यायचा. थाळी बडवायचा आणि प्रत्येक आळीच्या तोंडाशी तीनदा ओरडायचा. रॉकेल आलंय, विहिरीत औषध टाकलंय, उद्या पाणी भरू नका, पोरांना डोस पाजायला आणा. तीनदा, म्हणून लोक ऐकायचे. मग दवंडीवाला म्हातारा होऊन गेला आणि पंचायतीनं भोंगा आणला. कार्यालयाच्या छपरावर लोखंडी खांब, खांबावर भोंगा, तोंड सिद्धगडाच्या डोंगराकडं.

तेव्हाचे ग्रामसेवक घाटावरचे. माणूस चांगला, पण घाईचा. पहिल्याच दिवशी संध्याकाळी भोंग्यात एकदा बोलले, उद्या सकाळी गुरांना लस टोचायला डॉक्टर येणार, सगळ्यांनी गुरं आणावीत. एकदा बोलले आणि बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन खांबाखाली बसला. एक शेपूट आलं नाय.

ग्रामसेवक तापले. पिंपळाखाली आमी बसलो होतो तिथं येऊन म्हणाले, "तुम्हाला ऐकू आलं नाही का?"

पंचायतीच्या शिपायाची आई तिथंच शेंगा सोलत होती. म्हातारी तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "ऐकलं की. पण एकदाच बोललाव. कोण बोललं ते आमाला काय म्हाईत?"

"भोंग्यातून मीच बोलणार ना, आजी! भूत बोलणार आहे का?"

"ते तुमी सांगा. भोंगा तुमचा."

सगळे हसले. ग्रामसेवकही हसले, शेवटी. मग त्यांना कोणीतरी नीट समजावलं. तेव्हापासून भोंगा तीनदा बोलायला लागला. एकदा त्यांनी डोकं चालवलं. भोंग्याचा आवाज डोंगराला लागून परत यायचा, थोडा उशिरा, थोडा जाड. ते म्हणाले, "मी दोनदा बोलतो, तिसऱ्यांदा डोंगर बोलतोच आहे."

म्हातारी म्हणाली, "डोंगराचं आमी धरत नाय."

भोंग्याच्या पाठोपाठ कार्यालयात फोन आला. गावात तो एकच. कल्याणला, भिवंडीला कामाला गेलेली पोरं त्यावर फोन करायची. शिपाई फोन बाजूला ठेवून भोंग्यात सांगायचा, अमक्याच्या घरचा फोन आहे, लवकर या. तीनदा. मग ते घर धावत सुटायचं. आनंदाचे फोनही यायचे, नाय म्हणत नाय. पण आपलं नाव त्या पत्र्याच्या तोंडातून आलं की आधी वाईटच मनात यायचं. नाव तीनदा घ्यायचा, आणि मागून डोंगर. लोक चुलीवरचं तसंच टाकून यायचे.

एकदा शिपाई बाहेर गेला होता आणि त्याच्यासाठीच मुरबाडवरून साहेबाचा फोन आला. त्याच्या बायकोनं भोंग्याचं बटण दाबलं. पण नवऱ्याचं नाव कसं घेणार? ती म्हणाली, "अवो, या लवकर. तुमाला बोलवलंय." पिंपळाखालचे आमी चार-पाच बाप्ये एकदम उठून उभे राहिलो. घरी आल्यावर माझी बायको हसून हसून खाली बसली.

"तुमी का उठलाव? माझा आवाज वळखत नाय इतक्या वर्षांनी?"

मी म्हणलं, "भोंग्यात सगळ्यांचा आवाज पत्र्याचा होतो."

"माझा झाला तरी मी तीनदा बोलवीन. तेव्हा उठा."

ती आजारी पडली ती पुढं बऱ्याच वर्षांनी, भात कापणीच्या दिवसांत. तोवर घरोघरी फोन यायला लागले होते, आमच्याकडं नव्हता. पोटात पाणी झालं. मुरबाडच्या दवाखान्यानं कल्याणला न्यायला सांगितलं. मुरबाडला रेल्वे नाय, जीप केली. मांडीवर तिचं डोकं घेऊन गेलो. कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात मुलगी तिच्याजवळ राहिली. मुलीचं सासर तिकडंच. आभाळ भरून आलं होतं आणि कापलेलं भात शेतात पडलं होतं. बायकोच म्हणाली, "तुमी जा. भात भिजलं तर वर्षभर काय खायचं? काय झालं तर पोरगी भोंग्यात कळवील." मी आलो. भात उचलून भाऱ्यांची उडवी रचली.

ते भारनियमनाचे दिवस होते. लाईट कधी जाईल आणि कधी येईल ते लाईटवाल्यांनाही ठाऊक नसायचं. त्या दिवशी दुपारीच गेली होती. दिवेलागणीला मी ओट्यावर बसलो होतो. घरात चिमणी लावली होती, तिचा उजेड उंबऱ्यापर्यंत येत होता. गुरं बांधून झाली होती. वारा नव्हता. कुत्रीही गप्प होती, ते तेव्हा ध्यानात आलं नाय, नंतर आलं.

भोंगा खरखरला. बोलायच्या आधी नेहमी खरखरायचा तसा.

"अवो, ऐकलाव का?"

बाईचा आवाज. तिचा होता असं मी म्हणत नाय. भोंग्यात सगळ्यांचा आवाज पत्र्याचा होतो हे मीच सांगितलं. मी उठलो आणि उंबऱ्यात थांबलो. डोंगराकडून आवाज परत येईल म्हणून कान दिला. आला नाय.

पुन्हा खरखर. "अवो, ऐकलाव का?"

नाव नव्हतं. गावातल्या कोणत्याही बाईनं कोणत्याही बाप्याला मारलेली हाक असू शकत होती. पण कल्याणला माझं माणूस पडलं होतं. कार्यालयात फोन आला असंल, शिपायाच्या बायकोनं बटण दाबलं असंल, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन म्हणत होतं, तिसरी येऊ दे. मी तिसरीसाठी थांबलो. किती थांबलो ठाऊक नाय. खरखर चालूच होती, जसं कोणी तोंड उघडून उभं आहे आणि शब्द निघत नाय. मग ती खरखरही थांबली.

जन्मभर जे केलं नाय ते मी केलं. ओट्यावरून जोरात ओरडलो, "ओ! आलो!" आणि चालत सुटलो.

वाटेत सगळ्या घरांची दारं लावलेली. कोणी बाहेर आलं नाय. कार्यालयाला कुलूप होतं. मी शेजारी शिपायाच्या घरी गेलो. तो आणि त्याची आई चिमणीच्या उजेडात जेवत होते.

"कोणाचा फोन आहे?" मी विचारलं.

शिपाई म्हणाला, "कसला फोन, काका? बसा."

"आता भोंग्यात बोलवलं मला. बाई होती."

"काका, लाईट दुपारपासून नाय. बॅटरी पावसाळ्यात मेली. भोंगा काय मी तोंडानं वाजवू? आणि बाई कोण? माझी बायको माहेरी गेलीय."

म्हातारीचा घास हातात राहिला. ती आता पार वाकली होती, पण कान शाबूत होते. तिनं विचारलं, "किती येळा बोलवलं?"

"दोनदा."

"मग?"

"मग नाय."

"ओ दिलीस का रे?"

"दिली."

ती ताटावरून उठली. शिपाई म्हणाला, "आये, जेव की. काकांना भास झाला असंल. काकी दवाखान्यात आहे, डोक्यात तेच." तिनं मीठ-मिरची मुठीत घेऊन माझ्यावरून ओवाळली आणि चुलीत टाकली. मिरचीचा ठसका कोणालाच लागला नाय. तिनं चुलीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलंच नाय. मला म्हणाली, "आता तिसरी ऐकू आली तरी जाऊ नको. इथंच बस. माझ्या पोराजवळ बस."

मी म्हणलं, "मला फोनजवळ बसायचंय."

शिपायानं कार्यालय उघडलं. फोनला लाईट लागत नाय, तो चालू होता. मी बाकावर बसलो. समोर टेबलावर भोंग्याचं यंत्र, त्याच्यावर शिपायाच्या घरातला टॉवेल टाकलेला. शिपाई कंदील घेऊन माझ्या शेजारी बसला. त्यालाही बरं वाटत नव्हतं, मला दिसत होतं. तो उगाच बोलत राहिला, रेशनचं, गटाराचं, पुढच्या ग्रामसभेचं. मधेच म्हणाला, "काका, तो टॉवेल मी टाकला नाय हां."

"तुझ्या आयेनं टाकला असंल."

"ती इकडं येत नाय."

मग फोन वाजला. आमी दोघंही दचकलो. शिपायानं उचलला, ऐकला, आणि माझ्या हातात दिला. मुलगी होती. रडत नव्हती. म्हणाली, "बाबा, आई गेली. दिवेलागणीला गेली."

मी म्हणलं, "बरं."

"शेवटपर्यंत तुमालाच हाका मारत होती."

किती, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी विचारलं नाय. फोन ठेवला.

ते मी पुढं कित्येक वर्षं विचारलं नाय. तीन मारल्या म्हणाली असती, तर मी ज्याला ओ दिली ते दुसरंच काही होतं आणि तिच्या हाका तशाच हवेत राहिल्या. दोन म्हणाली असती, तर ती तिसरीला पोचली नाय आणि तिच्या हाका अर्ध्याच राहिल्या असणार, जे तिला कधी चालत नव्हतं. दोन्हींत सुख नव्हतं. गावात बातमी फिरलीच. त्या संध्याकाळी आणखी कोणी काही ऐकलं का, तर आमच्या भावकीतली वहिनी म्हणाली, भोंगा खरखरला होता, मी म्हणलं रॉकेल आलं. बाकी सगळे म्हणाले, लाईटच नव्हती. लोक मला बघून बोलणं थांबवायचे. दुसऱ्या हाकेला ओ दिलेला माणूस जातो, आणि मी तर चालत-फिरत होतो. दिवेलागणीला माझ्या घरावरून जायचं टाळायचे. मला राग लोकांचा नव्हता. नेणार होतं तर नेलं का नाय, याचा राग होता. मी आलो म्हणलं होतं. मी आलोच होतो.

मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. पंचायतीनं भोंगा खाली उतरवला. खांब तसाच आहे, त्यावर कावळे बसतात. त्याच साली मुलगी दिवाळीला आली होती. मागच्या दारी बसून ती भाजी निवडत होती, आणि ती आईसारखी बसते. मी विचारून टाकलं.

"तुझ्या आयेनं मला हाका मारल्या, त्या किती?"

तिनं मान वर केली नाय. वाटलं, चिडणार. ती म्हणाली, "दोन."

"मग दम सरला?"

"नाय. तिसरीला तोंड उघडलं होतं. मी जवळच होते. मग थांबली, कान दिला, आणि हसली. मला म्हणाली, आता नको, आले ते."

पोरगी माझ्या समाधानासाठी बोलली असंल, असंही वाटलं. पण ती खोटं बोलली की उजव्या हाताची बोटं मोडते, लहानपणापासून. बोटं भाजीतच होती.

मी म्हणलं, "अगो, मी इथं ओट्यावर होतो. ती तिथं कल्याणला. तिला ऐकू कसं गेलं?"

"तुमी ओरडता केवढ्यानं, बाबा," ती म्हणाली, आणि भाजी धुवायला उठली.