वर गेलेली मूठ

ते एरवी कचेरीत कारकून होते आणि रविवारी आमच्या सॉफ्टबॉलच्या सामन्यांना अंपायर. सामन्याआधी चारही बेसवरून एकटेच चालून यायचे. आम्हा दोन वेण्यांच्या पोरींनाही अहो-जाहो करायचे. वाद मात्र खपवून घेत नसत. "एकदा मूठ वर गेली, की बोलायचं नाही," म्हणायचे.

ऐंशीच्या सुमाराची फायनल. मी दुसऱ्या बेसवरून तिसऱ्याकडे पळत असताना आमच्याच मुलीनं मारलेला चेंडू माझ्या नडगीवर बसला. त्यांची मूठ वर गेली. असा चेंडू पळणारीला लागला, की ती आउट. मी आउट, आणि आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते नाशिकरोडहून सायकल मारत पंचवटीत आमच्या दारात आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"चेंडू आधी त्यांच्या खेळाडूच्या पायांतून निसटला, मग तुम्हाला लागला. अशा वेळी पळणारी आउट नसते. तुम्ही आउट नव्हता."

"जाऊ द्या ना सर. तुम्हाला तरी तेव्हा कुठं कळलं?"

ते माझ्या सुजलेल्या नडगीकडे बघत राहिले.

"तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "मूठ खाली घेववली नाही."